तीन बाटल्या आणि एक पान

रविवारी सकाळी शेजारच्या इमारतीतला एक तरुण आमच्याकडे आला. हातात प्लास्टिकची फाइल, खांद्याला पिशवी. निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या घरी फाइल घेऊन येणाऱ्या माणसाचे काम काय असते, हे त्याच्या जोड्यांवरूनच कळते. ते तो फार सावकाश काढतो. आमच्या सौ.ने चहाचे आधण ठेवले आणि मी चष्मा शोधू लागलो.

मुलगा चांगला आहे. औषधांच्या दुकानात आठ वर्षे काउंटरवर काढली. आता स्वतःचे काही करावे, वसई रोड स्टेशनजवळ एक गाळा भाड्याने घ्यावा, असे त्याच्या मनात आहे. त्याने पिशवीतून तीन छोट्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. तिन्ही तीस मिलीलिटरच्या, काळपट काचेच्या, ड्रॉपर लावलेल्या. तिन्हींवर एकच चित्र : सात बोटांचे हिरवे पान.

"हेम्प ऑइल आहे, काका. सांधेदुखी, झोप, टेन्शन, सगळ्यावर चालतं. मुंबईत जोरात खपतंय. एजन्सी घेतोय. पहिली ऑर्डर प्रत्येकी पन्नास बाटल्यांची. बँकेला प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचाय. तेवढा बघून द्या."

मग आवाज थोडा खाली आणून त्याने खरा प्रश्न विचारला. "कायद्यात बसतं ना हे?"

स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आली. गुडघेदुखी हा शब्द भिंतीपलीकडूनही ऐकू जाण्याचे तिचे वय झाले आहे. "हेम्प म्हणजे अंबाडी ना रे? अंबाडीच्या बियांचं तेल का?" तिने विचारले. मुलगा हसला. पण तिचा प्रश्न वेडगळ नव्हता. अंबाडीला इंग्रजी पुस्तकांत 'डेक्कन हेम्प' म्हणतात आणि ज्याच्या दोऱ्या वळतात त्या तागाला 'सन हेम्प'. टेबलावरच्या पानाचा मात्र त्या दोघांशी काही संबंध नव्हता. ते पान भांगेचे होते. तेच झाड, ज्याच्या शेंड्यांना आपण गांजा म्हणतो, चिकाला चरस म्हणतो आणि पाने वाटून केलेल्या गोळीला भांग. 'भांगेचे तेल' म्हटले असते तर सौ.ने बाटली हातातही धरली नसती. 'हेम्प' म्हटल्यावर ती वास घेऊन पाहू लागली. या धंद्यातली पहिली गुंतवणूक त्या शब्दात आहे.

बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर एक खोड अंगात मुरते. माणूस ठळक अक्षरे वाचीत नाही, बारीक वाचतो. मी तिन्ही बाटल्या उलट्या केल्या आणि भिंग घेऊन बसलो. पहिल्या बाटलीवर लिहिले होते : हेम्प सीड ऑइल. म्हणजे बियांचे तेल. दुसरीवर 'विजया' पानांचा अर्क, आयुर्वेदिक औषध. तिसरी मुलाच्या आतेभावाने न्यू जर्सीहून आणलेली. तिच्यावर फुलोऱ्यातून काढलेला सीबीडी असल्याचे म्हटले होते. बी, पान आणि फूल. झाड एक, बाटलीवरचे चित्र एक, किमतीही जवळपास सारख्या. पण भारताच्या कायद्यात या तीन बाटल्यांची तीन वेगवेगळी नशिबे आहेत आणि ती तिन्ही त्या मुलाच्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसणार होती.

मी वकील नव्हे. पण कर्जाच्या अर्जामागचा धंदा कायद्यात बसतो की नाही, हे पाहण्यासाठीच बँक मला पगार देत होती. त्या सवयीने पुढचे काही दिवस मी कागद चाळले. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवतो आहे, कारण असली बाटली आज ना उद्या तुमच्याही घरात कोणीतरी प्रेमाने आणून ठेवणार आहे.

आधी आमच्या वसईचा एक जुना धागा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. त्याच वर्षी मार्तिम आफोन्सो द सोझा या कप्तानाबरोबर गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य हिंदुस्थानात आला. पुढे मुंबईचे बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळाले होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींवरील ग्रंथात भांगेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तो सांगतो की, बहादूरशहाने या सोझालाच म्हटले होते, रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान हिंडून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो. आमची वसई ज्याने देऊन टाकली त्याचे प्रवासाचे साधन हे असे होते! पण ओर्ता वैद्य होता. त्याने नोकरांनाही विचारून ठेवले आहे. त्यांचे म्हणणे असे, की भांग घेतल्यावर कामाचा शीण जाणवत नाही, मन खूश राहते आणि भूक लागते. राजाला सफर, गड्याला शीण घालवण्याचे साधन. औषध आणि नशा यांच्यामधली रेघ तेव्हाही सरळ नव्हती.

इंग्रजांनी ती मोजून पाहिली. १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला तो असा, की माफक सेवनाने सहसा हानी नाही, अतिसेवनाने आहे, तेव्हा सरसकट बंदी न करता परवाना आणि कर लावून नियंत्रण ठेवावे. पुढे ९० वर्षे थोड्याफार फरकाने तोच कारभार चालला. मग १९६१चा आंतरराष्ट्रीय करार आला. त्यातली मुदत संपत आली तेव्हा १९८५ मध्ये आपल्या संसदेने अंमली पदार्थविरोधी कायदा केला, ज्याला सगळे 'एनडीपीएस' म्हणतात. आजच्या आपल्या तिन्ही बाटल्यांची कुंडली तिथून सुरू होते.

हा कायदा झाडाकडे पाहत नाही, झाडाच्या भागाकडे पाहतो. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. बिया आणि पाने त्या शेंड्यांबरोबर नसतील तर ती गांजा नव्हेत, असे व्याख्येतच म्हटले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ साली एका जामीन अर्जावर याच व्याख्येचा आधार घेतला होता. होळीला उत्तरेत भांग उघड विकली जाते तीही याच फटीतून. ही फट चुकून राहिलेली नाही, १९६१च्या करारात ती मुद्दाम ठेवलेली आहे.

आता पहिली बाटली. बियांच्या तेलाची. बीमध्ये नशा आणणारा टीएचसी हा घटक जवळजवळ नसतोच. असला तर टरफलाला चिकटलेल्या चिकाचा अंश. कुमाऊंमध्ये या बियांची चटणी घरोघर वाटतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने हेम्पच्या बिया, त्यांचे पीठ आणि तेल यांना अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली आणि टीएचसीच्या अंशाला मर्यादा घालून दिली. म्हणजे ही बाटली शेंगदाणा तेलाच्या जातीची. अन्नाचा नियमाप्रमाणे परवाना किंवा नोंदणी करावी, मालाचा तपासणी अहवाल जवळ ठेवावा आणि विकावी. पोलिसांना तिच्याशी कर्तव्य नसावे.

पण याच बाटलीत एक निराळी मेख आहे. बियांच्या तेलात जसा टीएचसी नसतो तसा सीबीडीही नसल्यात जमा असतो. हा सीबीडी म्हणजे नशा न आणणारा दुसरा घटक, ज्याच्या नावाने वेदनाशमनाचा सगळा गाजावाजा चालला आहे. म्हणजे कायद्याला निर्दोष असलेली ही बाटली गुडघ्यालाही तितकीच निरुपद्रवी आहे. पोटात घेतली तर तेल आणि चोळली तर चोळल्याचा आराम. जवस किंवा तीळ यांच्या पंक्तीला बसावे अशी ती चांगली वस्तू आहे. पण तिची किंमत आणि वर छापलेले पान तिला त्या पंक्तीतून उठवून औषधाच्या पाटावर बसवतात. फसवणूक असेल तर ती इथे आहे, आणि ती एनडीपीएसची नव्हे, ग्राहकाची आहे.

दुसरी बाटली पानांच्या अर्काची. तिच्यावर आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक होता. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'ई-१' या परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. बचनाग, धोतरा, कुचला यांच्या बरोबरीने भांगही तिथे आहे, बिया वगळून. अशा द्रव्याचे पोटात घ्यायचे औषध असेल तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा बाटलीवर असलाच पाहिजे. नियम म्हणतो, तो इंग्रजीत आणि हिंदीत असावा. मराठीचा उल्लेख नाही. निर्मळच्या किंवा अर्नाळ्याच्या आजीने तो इशारा कुठल्या भाषेत वाचावा?

आणखी एक गोष्ट मला आधी खरीच वाटली नाही. आयुर्वेदिक औषध तयार करायला परवाना लागतो, पण ते नुसते विकायला औषध कायद्याखाली परवाना लागत नाही. च्यवनप्राशाच्या बाबतीत ही सोय उत्तम आहे. परिशिष्ट 'ई-१'मधल्या अर्काच्या बाबतीत तीच सोय म्हणजे इशारा वाचून दाखवणारा माणूसच दुकानात नाही, असा अर्थ होतो. त्यात महाराष्ट्राचा आपला वेगळा कायदा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात. केंद्राचा कायदा पानाला सोडून देत असला तरी या कायद्याखाली आपल्या राज्यात परवान्याशिवाय भांग बाळगणे हा गुन्हा आहे. केंद्राने सोडलेले पान राज्याने धरून ठेवले आहे. औषधाच्या परवान्याने तयार झालेला अर्क या पकडीतून पूर्ण सुटला की नाही, हे आमच्या मुलासारख्या दुकानदाराला सांगणारा मराठीतला एक सोपा कागद मला मिळाला नाही.

खरी अडचण तर याच्याही पुढे आहे. गांजाच्या व्याख्येतून पान वगळले आहे. चरसाच्या व्याख्येत मात्र 'झाडापासून वेगळा काढलेला चीक, कोणत्याही स्वरूपात, कच्चा किंवा शुद्ध केलेला' असे सरसकट शब्द आहेत, आणि हशीश तेलाचा तिथे नावाने उल्लेख आहे. चीक कुठल्या भागाचा, हे व्याख्या विचारीत नाही. कंपनी म्हणेल, हा पानांचा अर्क आहे, आमच्याजवळ परवाना आहे. एखादा तपास अधिकारी म्हणेल, अर्क म्हणजे शेवटी चीकच की! तो उद्या न्यायालयात हरेलही. पण मधल्या काळात दुकानदार कुठे असेल?

इथे मी माझा जुना कॅलक्युलेटर काढला. चरसाची 'व्यापारी मात्रा' आहे १ किलो. तितकी सापडली तर शिक्षा किमान १० वर्षे, कमाल २० वर्षे, शिवाय किमान १ लाख रुपये दंड, आणि जामीन मिळणे अतिशय कठीण. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आहे की, मिश्रण असेल तर वजन अंमली द्रव्यापुरते नव्हे, सगळ्या मिश्रणाचे धरायचे. तीस मिलीलिटर तेलाचे वजन होते साधारण २७-२८ ग्रॅम. अडतीस बाटल्या झाल्या की किलो भरला. मुलाची पहिली ऑर्डर प्रत्येकी पन्नासची. म्हणजे कोणी वाकडा अर्थ लावायचाच ठरवला तर पहिल्याच खोक्यात हा मुलगा मोठ्या तस्कराच्या रांगेत जाऊन उभा राहतो. त्यातून या कायद्यात आरोपीला माहिती होती असे न्यायालय गृहीत धरते. नव्हती, हे त्याने सिद्ध करायचे. असे होईलच असे मी म्हणत नाही. परवानाधारक कंपनीचा माल रीतसर बिलाने घेणाऱ्याची बाजू भक्कम आहे, आणि या अर्कांचा व्यापार देशात उघडपणे चालूही आहे. पण बँकेत आम्ही जोखीम मोजताना 'बहुधा होणार नाही' या वाक्यावर सही करत नसू.

तिसऱ्या बाटलीबद्दल फार बोलायला नको. अमेरिकेने २०१८ साली टक्केवारीची रेघ आखली : सुक्या वजनात टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत असेल ते हेम्प, त्यावर असेल ते दुसरे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तीही व्याख्या पुन्हा आवळली. आतेभावाच्या गावात ही बाटली वाण्याकडे मिळत असेल. पण आपल्या कायद्यात गांजाची व्याख्या टक्क्यांवर चालत नाही, भागावर चालते, आणि फुलोऱ्याला तिथे कुठलीच सूट नाही. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनी आईच्या सांधेदुखीसाठी सामानात टाकून आणलेली ही भेट विमानतळावर भेट राहत नाही. एवढे त्यांना फोनवर सांगून ठेवलेले बरे.

मग हे सगळे बंद करून टाकावे काय? माझ्या पिढीतल्या पुष्कळांचे उत्तर 'हो' असेल. शहरातली मुले नशेच्या वाटेला लागताना आपण पाहतो आहोत. आमच्या वसई-विरारमध्ये तर आईबापांचा जीव त्या एका धास्तीने टांगलेला असतो. त्यांची भीती खोटी नाही. दुसऱ्या बाजूला एक नवा सूर आहे. भांग ही तर आपल्या ऋषिमुनींची, शंकराची, आयुर्वेदातली, ती बंद केली परकीयांनी, तेव्हा आता मोकळी करा. मला दोन्ही सूर आळशी वाटतात. आयुर्वेदाने जी वनस्पती विषद्रव्यांत गणून, शोधन करून वापरायला सांगितली, ती ड्रॉपरने जिभेखाली टाका म्हणणे ही काही परंपरा नव्हे. आणि जिच्यात औषध आहे असे जग कबूल करू लागले आहे, तिच्याकडे केवळ पोलीस ठाण्याच्या खिडकीतून पाहणे हा काही शहाणपणा नव्हे.

जग कबूल करू लागले आहे ते किती, हेही नेमके पाहावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर केले ते लहान मुलांतल्या अपस्माराच्या दोन दुर्मीळ, हट्टी प्रकारांसाठी. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगाने भांगेच्या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचे मत बदलाच्या बाजूने पडले. याचा अर्थ औषधी उपयोगाचा अभ्यास व्हावा एवढाच आहे. गुडघा बरा होतो असा नाही. उलट त्याच संशोधनातून हेही कळले आहे, की सीबीडी यकृतावर ताण आणू शकतो आणि रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांचा परिणाम वाढवतो. साठीनंतर ज्या घरात गोळ्यांचा डबा असतो, त्या घराने ही ओळ दोनदा वाचावी. आमच्याही घरात तो आहे. मुलाच्या रंगीत माहितीपत्रकात ही ओळ नव्हती. तिथे मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगदेखील होता! असल्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा आपल्याकडे १९५४ पासून आहे. तो कायदा विरार लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या पत्रकांइतकाच जुना झाला आणि तितक्याच लोकांनी वाचला.

औषध कुठले आणि नशा कुठली हा तंटा मुंबई इलाख्याला नवा नाही. तो आपण एकदा लढलो आहोत आणि सोडवलाही आहे. १९४९च्या त्याच दारूबंदी कायद्याविरुद्ध मुंबईचे एक पारशी गृहस्थ, फ्राम नसरवानजी बलसारा, न्यायालयात गेले होते. त्यांची तक्रार व्हिस्की-ब्रँडीपुरती नव्हती, यू-डी-कोलन आणि औषधी मद्यांबद्दलही होती. प्रकरण छागला यांच्यापुढे उच्च न्यायालयात चालले आणि मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूवर बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने यांनाही त्याच जाळ्यात ओढणे अवाजवी ठरवले. निकालाचा गैरफायदा घेणारेही निघाले. काही लोक टिंक्चरच्या बाटल्या तहान भागवायला विकत घेऊ लागले. तेव्हा सरकारने काय केले? हात झटकले नाहीत आणि सगळी टिंक्चरेही जप्त केली नाहीत. कायद्यात दुरुस्ती करून तज्ज्ञांचे मंडळ नेमण्याची तरतूद केली. कुठले औषध दारू म्हणून पिण्याजोगे आहे आणि कुठले नाही, हे त्या मंडळाने ठरवायचे. पोलिसाने ठरवायचे नाही, दुकानदाराने नाही आणि कंपनीच्या माहितीपत्रकाने तर नाहीच.

माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्या राज्याने टिंक्चरसाठी एवढा विचार केला त्याने या तेलांसाठीही करावा. आज या बाटलीवर चार सरकारी नजरा आहेत : अन्न व औषध प्रशासन, आयुष मंत्रालय, राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस. प्रत्येकाजवळ कायद्याचा एक तुकडा आहे. चारही तुकडे जोडून मराठीत एका पानावर लिहिण्याचे काम कोणाचेच नाही. म्हणून ते दुकानदाराच्या आणि ग्राहकाच्या डोक्यावर येऊन पडते, म्हणजे ज्यांना ते करता येणार नाही त्यांच्यावर.

ते एक पान कसे असावे? एक, बाटलीच्या दर्शनी बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे : बियांचे, की पानांचे. 'हेम्प' एवढेच लिहिणे म्हणजे 'तेल' एवढेच लिहिणे. दोन, बियांच्या तेलावरून ते पानाचे चित्र काढून टाकावे. शेंगदाण्याच्या तेलाला शेंगदाणा शोभतो, बियांच्या तेलाला बी शोभेल. तीन, पानांचा अर्क वैद्याच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकला जावा, आणि विकणाऱ्याला त्यासाठी वेगळा परवाना असावा. चार, असा परवाना असलेल्या, तपासलेला माल रीतसर बिलाने विकणाऱ्या दुकानदाराला गुन्हेगार धरता येणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहावे. चरसाच्या व्याख्येचे आणि औषधी अर्काचे नाते केंद्राने एकदाचे सांगून टाकावे. यातून नशेला मोकळे रान मिळते असे कोणी म्हणेल. मला उलटे वाटते. नशा विकणाऱ्याला धूसरपणाच हवा असतो. स्वच्छ रेघ प्रामाणिक माणसालाच उपयोगी पडते.

या धंद्यात प्रामाणिक माणसे नाहीत असे समजू नये. मुंबईतच २०१३ साली काही तरुणांनी या पिकावर कंपनी उभी केली आणि रतन टाटांसारख्या माणसाने तिच्यात पैसे घातले. उत्तराखंडाने २०१८ मध्ये कमी टीएचसीच्या लागवडीला परवानगी देण्यात पुढाकार घेतला. धागा, कापड, तेल, औषध अशी या पिकाची खरी अर्थव्यवस्था उभी राहू शकते. ती उभी राहायची तर तिच्या तळाशी बसलेल्या गाळेवाल्याला रात्री झोप लागली पाहिजे, आणि तीही ड्रॉपरशिवाय.

मुलगा आठवड्याने पुन्हा आला. मी त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवले होते. तेल झाडाच्या कुठल्या भागाचे? परवाना कुठल्या कायद्याखालचा, आणि त्याची प्रत देणार का? या मालाच्या तपासणीचा अहवाल कुठे आहे? दोन्ही कंपन्यांकडून याची लेखी उत्तरे आण, म्हटले, तोंडी नकोत. बियांच्या तेलवाल्यांचे उत्तर दोन दिवसांत, सगळ्या प्रतींसह आले. पानांच्या अर्कवाल्या विक्री प्रतिनिधीने फोनवर पुष्कळ धीर दिला, कागद मात्र अजून दिलेला नाही. तिसरी बाटली मी त्याला आल्या पावली आतेभावाकडे परत धाडली.

तो आता जवस, तीळ, खोबरेल आणि बियांचे तेल अशा साध्या तेलांचा गाळा काढतो आहे. रक्कम निम्म्यावर आली, माहितीपत्रक एका ओळीवर आले. तो थोडा हिरमुसलेला दिसला. पस्तीस वर्षांत मी अशी पुष्कळ तोंडे पाहिली आहेत. त्यांतली काही पाच वर्षांनी पेढे घेऊन येतात.

तो गेल्यावर सौ.ने निर्गुडीच्या तेलाची वाटी कोमट करायला ठेवली आणि खुर्चीत पाय लांब करून बसली.

"तुझ्या कायद्याचं झालं सगळं," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं काय?"

चार सरकारी कार्यालयांपैकी एकाने तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा, एवढ्यासाठी हा लेख.